रेटिनॉलची ट्यूब विकत घेण्याआधी

मेडिकलच्या काउंटरवर तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. पहिली, रेटिनॉलचं सीरम. हे सौंदर्यप्रसाधन आहे, कुणीही विकत घेऊ शकतं. दुसरी, ट्रेटिनॉइनची ट्यूब. हे औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको. तिसऱ्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन (एक स्टिरॉइड) अशी तीन नावं असतात. तेही औषधच, आणि तिघांत सगळ्यात जपून वापरायचं. बोलताना मात्र या तिन्हींना सर्रास ‘रेटिनॉलची क्रीम’ म्हटलं जातं. बहिणीला गुण आला म्हणून आपण तीच मागवतो, आणि प्रत्यक्षात हातात भलतीच येते. म्हणून आधी या तिघांचं आपसातलं नातं समजून घेऊ, मग वापराकडे वळू.

रेटिनॉल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वच. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांत असतं ते बीटा-कॅरोटीन, आणि शरीर त्यापासून रेटिनॉल बनवतं. दूध, अंडी आणि काळीज यांतून ते थेट मिळतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. नवव्या महिन्यात बाळाला गोवराच्या लसीबरोबर तोंडात जो पिवळसर डोस देतात, तो याच जीवनसत्त्वाचा. डोळ्यांचा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा संबंध आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो, पण त्वचेशीही त्याचा तितकाच जवळचा संबंध आहे हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा कळलं.

१९१३ साली अमेरिकेत एल्मर मॅककॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी लोणी आणि अंड्याच्या बलकात वाढीसाठी आवश्यक असा स्निग्धात विरघळणारा घटक असल्याचं दाखवलं. १९३१ मध्ये झुरिचच्या पॉल कॅरर यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि १९३७ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात हेही होतं. त्याच १९३१ साली चीनमध्ये फ्रेझर आणि हू या डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांच्या त्वचेचं वर्णन प्रसिद्ध केलं: कोरडी, खरखरीत आणि केसांच्या मुळाशी टणक पुटकुळ्या आलेली. कुपोषित मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर अशी काटेरी त्वचा आपल्याकडेही दिसते. त्यामागे इतर पोषणद्रव्यांची कमतरताही असते, पण डॉक्टरांच्या मनात प्रश्न उभा राहिला तो यातून. जीवनसत्त्व कमी पडल्यावर त्वचा अशी खरखरीत होत असेल, तर तेच वरून लावल्यावर काय होईल?

साधं ‘अ’ जीवनसत्त्व लावून फारसं काही हाती लागलं नाही. त्याचं आम्ल, म्हणजे रेटिनॉइक ॲसिड, मात्र लागू पडलं. याचंच औषधी नाव ट्रेटिनॉइन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ ग्युंटर श्टुटगेन यांनी कातडी जाड होणाऱ्या विकारांवर ते लावून पाहिलं. गुण येत होता, पण त्वचेची इतकी आग व्हायची की पुढे जाणं अवघड झालं. मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी ते पिंपल्सवर वापरलं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये आला आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेटिन-ए’ला, म्हणजे बाजारात विकायच्या ट्रेटिनॉइनला, मान्यता दिली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्लिगमन यांचे बरेच प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत हे चालू होतं. कैद्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते आणि अनेक जण तर खटला उभा राहण्याची वाट पाहत आत बसलेले होते. थोड्याशा डॉलरांसाठी ते पाठ आणि दंड पुढे करत, आणि त्यावर काय लावलं जातंय, त्यातून काय होऊ शकतं, हे त्यांना नीट सांगितलं जात नसे. तिथे ट्रेटिनॉइन तपासलं गेलं, तसंच डायऑक्सिनसारखं विषही. कित्येकांच्या अंगावर त्याचे व्रण आयुष्यभर राहिले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली, तोवर त्यांतले बरेच जण हयात नव्हते. आज आपण जे औषध निर्धास्तपणे लावतो त्याच्या माहितीचा काही भाग या माणसांच्या कातडीवरून आलेला आहे. हे वाचून अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं.

सुरकुत्यांचा विषय नंतर, जवळजवळ योगायोगाने निघाला. पिंपल्ससाठी ट्रेटिनॉइन लावणाऱ्या मध्यमवयीन बायका डॉक्टरांना सांगू लागल्या की चेहरा मऊ झालाय, बारीक रेघा कमी दिसतात. १९८८ च्या जानेवारीत मिशिगन विद्यापीठाच्या गटाने ३० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १६ आठवडे काहींना खरं औषध, काहींना नुसती क्रीम, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. औषध लावलेल्या भागावरच्या सुरकुत्या खरंच कमी झाल्या. त्याच अभ्यासात औषध लावणाऱ्या ९२ टक्के लोकांच्या त्वचेचा दाह झाला होता. बातम्यांमध्ये पहिली गोष्ट ठळक छापून आली आणि दुसरी मागे पडली, आणि औषधासाठी झुंबड उडाली. सुरकुत्यांसाठी अशा क्रीमला अधिकृत मान्यता मिळेपर्यंत १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला.

ट्रेटिनॉइन औषध असल्यामुळे सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना ते वापरता येत नव्हतं. त्यांनी त्याचं सौम्य भावंड उचललं, ते रेटिनॉल.

त्वचेवर लावलेलं रेटिनॉल स्वतः फारसं काही करत नाही. पेशीत गेल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग त्याचं रेटिनॉइक ॲसिड, आणि खरं काम हे ॲसिड करतं. क्रीमच्या डब्यावर रेटिनिल पाल्मिटेट लिहिलेलं असेल तर ते आणखी एक पायरी मागे असतं. दुधाचं दही, दह्याचं लोणी आणि लोण्याचं तूप करताना दर टप्प्यावर माल कमी होत जातो, तसंच इथे होतं. पाल्मिटेट म्हणजे दूध, रेटिनॉल दही, रेटिनाल्डिहाइड लोणी आणि ट्रेटिनॉइन म्हणजे थेट तूप. म्हणून ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के असलं तरी जोरकस ठरतं आणि रेटिनॉल ०.३ टक्के असूनही त्यापेक्षा सौम्य. दोन वेगळ्या घटकांच्या टक्केवाऱ्यांची तुलना करून ‘हे दहापट स्ट्राँग’ असं ठरवण्यात काही अर्थ नाही.

रेटिनॉइक ॲसिड पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे त्याच्यासाठीच बनलेली ग्राहक प्रथिनं असतात. त्यांचा शोध १९८७ मध्ये फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. ॲसिड या प्रथिनांना चिकटलं की काही जनुकं जागी होतात आणि काही गप्प बसतात. पृष्ठभागावर लेप देऊन तात्पुरता तजेला आणणाऱ्या क्रीमपेक्षा हे काम अगदी वेगळ्या पातळीवरचं आहे, आणि परिणाम दिसायला महिने लागतात तेही यामुळेच.

पेशींना मिळणाऱ्या या हुकुमांचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. वरच्या थरात पेशींची उलाढाल वाढते. मेलेल्या पेशी चिकटून छिद्रांत बुच बसायचं कमी होतं, त्यामुळे ब्लॅकहेड्स आणि पिंपल्स आटोक्यात येतात. रंगद्रव्य पेशींमध्ये सारखं पसरतं आणि लवकर झडून जातं, म्हणून जुने डाग फिके होतात. आणि खोलवर, जिथे कोलेजनचं जाळं त्वचेला ताठ ठेवतं, तिथे सुरकुत्यांवर काम चालतं. उन्हातली अतिनील किरणं त्वचेवर पडली की काही तासांतच कोलेजन तोडणारी एन्झाइम तयार होऊ लागतात. रोज थोडं थोडं कोलेजन असं तुटतं आणि त्याची डागडुजी अर्धवट राहते. रेटिनॉइक ॲसिड या एन्झाइमना लगाम घालतं आणि नवं कोलेजन बनवायला पेशींना प्रवृत्त करतं.

साध्या रेटिनॉलने एवढं होतं का, हा प्रश्न रास्त आहे. २००७ मध्ये मिशिगनच्याच संशोधकांनी वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३६ ज्येष्ठांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्याला तसंच पण रेटिनॉल नसलेलं लोशन, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, २४ आठवडे. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या आणि तपासणीत नव्या कोलेजनची तयारी वाढलेली दिसली. मला हा अभ्यास फार आवडतो. जिथे ऊन पोहोचत नाही त्या दंडाच्या आतल्या बाजूला, सत्त्याऐंशी वर्षांच्या त्वचेवर, आणि तेही आठवड्यातून तीनदाच लावून! रोज रात्री चेहरा लाल होईपर्यंत लावणाऱ्यांनी त्यातलं ‘तीनदा’ नीट वाचावं.

कारण आपल्या त्वचेचं गणित थोडं निराळं आहे. गोऱ्या कातडीच्या माणसाला रेटिनॉल बाधलं तर त्वचा लाल होते, सालं निघतात आणि आठवड्याभरात सगळं निवळतं. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चवताळतात आणि लाली गेल्यावर मागे तपकिरी-काळा डाग राहतो. पिंपल फोडल्यावर, डास चावल्यावर, उलथन्याचा चटका बसल्यावर डाग किती महिने रेंगाळतो ते आपण सगळे जाणतो. रेटिनॉलच्या दाहाचंही तसंच होतं. डाग घालवायला म्हणून आणलेल्या बाटलीने नवे डाग पडतात, मग ते घालवायला मात्रा वाढवली जाते, आणि चेहरा आणखी काळवंडतो. परदेशी व्हिडिओ बघून ‘सालं निघतायत म्हणजे लागू पडतंय’ असं मानू नका. आपल्याकडे सालं निघणं हा थांबण्याचा इशारा समजावा.

सुरुवात ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या रेटिनॉलने करावी, तीही आठवड्यातून दोन रात्री. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवून टिपून घ्या आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त चुरचुरतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, आणि ते संपूर्ण चेहऱ्यासाठी. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन हलक्या हाताने पसरवा. नाकपुड्यांच्या खोबणी, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा सोडा, किंवा तिथे आधी थोडं व्हॅसलिन लावा. वरून साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधी, मग रेटिनॉल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. महिनाभर काही त्रास झाला नाही तर एक रात्र वाढवा. आठवड्यातून तीन-चार रात्रींवर थांबलात तरी चालतं.

पिंपल्स असणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत ते वाढल्यासारखे वाटू शकतात, कारण आत दबलेले लवकर वर येतात. नेहमी जिथे पिंपल्स येतात तिथेच थोडे जास्त आले तर धीर धरा. पण जिथे कधीच येत नव्हते तिथे लाल पुरळ उठलं, खाज किंवा आग सुटली, तर क्रीम बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपल्सवरचा फरक साधारण १२ आठवड्यांनी दिसतो. सुरकुत्यांना सहा महिने तरी द्यावे लागतात. लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना हे सुरू करण्यासारखी दुसरी वाईट वेळ नाही.

लग्नावरून पार्लर आलंच. रेटिनॉलमुळे वरचा थर नाजूक झालेला असतो, आणि अप्परलिपचं वॅक्स ओढलं की केसांबरोबर कातडीही सोलून निघते. ओठांच्या वर लालभडक पट्टा उमटतो आणि पुढे तो तपकिरी होऊन मिशीसारखा दिसत राहतो. म्हणून चेहऱ्यावर वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी रेटिनॉल थांबवा, आणि पार्लरमधल्या ताईंना ते लावत असल्याचं सांगा. ब्लीच आणि पील यांनाही हेच लागू. घरच्या उपायांतही आवर हवा. लिंबू, साखरेचा स्क्रब, खसखसून लावलेलं उटणं, हे सगळं रेटिनॉलबरोबर नको. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं उटणं अंगाला लावा, चेहऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी द्या. ग्लायकोलिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड असलेली उत्पादनंही त्याच रात्री नकोत. व्हिटॅमिन सी सकाळी लावलं तर हरकत नाही.

आणि सनस्क्रीन. दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन लावणं जमणार नसेल, तर रेटिनॉल सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पातळ झालेल्या थरावर ऊन जास्त लागतं, आणि रात्री जेवढं कमावलं तेवढं दुपारी दुचाकीवरच्या अर्ध्या तासात गमावलं जातं. वांग असणाऱ्यांनी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग साध्या दृश्य प्रकाशानेही गडद होतं. वर स्कार्फ, टोपी, छत्री आहेच.

आता त्या तिसऱ्या ट्यूबबद्दल. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र करण्याची कल्पनाही क्लिगमन यांचीच, १९७५ ची. वांगावर ते मिश्रण काम करतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक आठवड्यांपुरतं. आपल्याकडे तेच गोरं करणारी क्रीम म्हणून वर्षानुवर्षं फासलं गेलं. स्टिरॉइडमुळे पहिले काही दिवस चेहरा झक्क उजळतो, पिंपल्स बसतात, आणि माणूस खूश होतो. पुढे कातडी पातळ पडते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, गालावर-हनुवटीवर लव वाढते, पुरळ येतं. लावायचं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखी आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. हायड्रोक्विनोन फार काळ लावल्यास त्वचेवर निळसर काळी झाक येऊ शकते आणि ती घालवणं फार कठीण असतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत आणलं. नियम आहे, तरी मागितली की पुडी बांधून देणारे अजूनही भेटतात. ट्यूबच्या मागे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती रेटिनॉलची क्रीम नव्हे. आणि महिनोन् महिने लावत आला असाल तर आपल्या मनाने एकदम बंद करण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा. ती कशी सोडवायची याची पद्धत असते. यात लाजण्यासारखं काही नाही. फसवणूक तुमची झाली आहे.

खरेदी करताना डबी टाळा. रेटिनॉल हवा, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी खराब होतं. रोज झाकण उघडून बोट घालायच्या पारदर्शक डबीत ते फार टिकत नाही. ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न जाऊ देणारा पंप चांगला. टक्केवारी छापलेली असावी. खिडकीशी किंवा गाडीत ठेवू नका. रंग बदलून तपकिरी झालं तर टाकून द्या. १ टक्क्याच्या बाटल्या सर्रास विकल्या जात असल्या तरी जास्त म्हणजे चांगलं असं समजू नका. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या उत्पादनांत रेटिनॉल ०.३ टक्क्यांपर्यंत आणि अंगाच्या लोशनमध्ये ०.०५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. अन्नातून, गोळ्यांतून आणि क्रीममधून मिळून शरीरात किती ‘अ’ जीवनसत्त्व जातं, याचा विचार त्यामागे आहे.

गरोदर असाल किंवा मूल होऊ देण्याचा विचार चालू असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन (पिंपल्सवरचं त्याच कुळातलं औषध) हे सगळं बंद ठेवावं. त्वचेतून रक्तात फार कमी जातं, तरीही. याचं कारण आयसोट्रेटिनॉइन या त्याच कुळातल्या, पोटात घ्यायच्या औषधात आहे. अमेरिकेत ते १९८२ मध्ये बाजारात आलं आणि काही वर्षांतच गर्भाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर दोष निर्माण होत असल्याचं दिसलं. तीव्र पिंपल्सवर ते आजही उत्तम औषध आहे, पण ते चालू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. त्या काळात रक्तदानही करत नाहीत, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं. क्रीम लावत असताना दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून जाऊ नका. लावणं थांबवा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईनेही आधी विचारूनच सुरू करावं.

या काळात पर्याय म्हणून हल्ली बाकुचिऑलचं नाव घेतलं जातं. ते आपल्या बावचीतून मिळतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४ जणांवरच्या चाचणीत ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावल्यावर १२ आठवड्यांत सुरकुत्या आणि डागांवर जवळजवळ तेवढ्याच टक्क्याच्या रेटिनॉलइतका फरक पडला, आणि सालं व चुरचुर कमी होती. चाचणी छोटी आहे, पण आशादायक आहे. गरोदरपणात मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच. यावरून कुणी आयुर्वेदिक दुकानातून बावचीचं तेल आणून चेहऱ्याला चोळेल, तर तसं अजिबात करू नका. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, आणि ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते, फोड येतात. कोडाच्या उपचारात त्याचा हाच गुण मोजूनमापून वापरतात. प्रसाधनांसाठीचं शुद्ध बाकुचिऑल सोरालेन काढून टाकलेलं असतं, बाटलीतलं तेल तसं नसतं.